गावाच्या हाती लेखणी

(ग्रामीण भागातील शालेय व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची हस्तलिखिते आणि चित्रे यांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने शिक्षक, पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा हा पाठ.)



मराठी शाळांना हस्तलिखितांची जुनी आणि समृद्ध परंपरा आहे. वळणदार अक्षर असलेल्या मुलामुलींनी मजकूर उतरवून काढायचा, चित्रकलेत गती असलेल्यांनी मुखपृष्ठ आणि समास रंगवायचे, शिक्षकांनी शुद्धलेखन तपासायचे आणि पुठ्ठ्याची बांधणी करून तो अंक ग्रंथालयाच्या कपाटात विराजमान करायचा, हा क्रम अनेक पिढ्यांनी अनुभवला आहे. १९२० च्या दशकात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वहस्ताने लिहून काढीत असत. छापखाना नव्हता, पैसा नव्हता. परंतु खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांशी रोज संवाद साधण्याची तळमळ होती. या प्रदर्शनातील टेबलांवर मांडलेले अंक त्याच परंपरेचे वारस आहेत.

मात्र वारसा मिळणे आणि वारसा चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेचे हस्तलिखित उघडावे. त्यात ‘माझे गाव’ हा निबंध हमखास सापडतो. गावाच्या मध्यभागी मंदिर आहे, शेजारून नदी वाहते, लोक कष्टाळू व गुण्यागोविंदाने राहणारे आहेत, आणि शेवटी ‘म्हणूनच मला माझे गाव फार आवडते’! कोकणातला मुलगा हेच लिहितो, माणदेशातली मुलगी हेच लिहिते आणि मेळघाटातला विद्यार्थीही हेच लिहितो. माणदेशातल्या नदीला वर्षातले किती महिने पाणी असते, हे त्या मुलीला नेमके ठाऊक असते. तरीही निबंधातली नदी बारमाही झुळझुळत राहते, कारण मार्गदर्शक पुस्तकातल्या नदीला उन्हाळा ठाऊक नसतो.

आजच्या विषयाचा गाभा येथे आहे. ग्रामसंस्कृतीचा गौरव करायचा, तर तो कोणत्या गावाचा? छापील निबंधातल्या गावाचा की मुलाच्या पायाला ज्याची माती लागली आहे त्या गावाचा? पहिल्या प्रकारचा गौरव सोपा असतो आणि समारंभाबरोबर संपतो. दुसऱ्या प्रकारचा गौरव करायचा, तर मुलाच्या हाती लेखणी आणि कुंचला देऊन मोठ्यांनी थोडे गप्प बसावे लागते.

मुलांची कला शाळेच्या आधीची

ग्रामीण मुलांना कला शिकवावी लागेल, अशी एक दयाबुद्धी शहरी सुशिक्षितांच्या बोलण्यात आढळते. वस्तुस्थिती निराळी आहे. बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल घडवणारी मुले मूर्तिकलेचे पहिले धडे गिरवीत असतात. ओल्या मातीला किती पाणी लावायचे, पायाची जाडी किती ठेवली म्हणजे बैल उभा राहतो, शिंगे केव्हा जोडायची, हे ज्ञान त्यांच्या बोटांत असते. दिवाळीत अंगणात उभा राहणारा किल्ला हे तर मराठी बालकांचे सामूहिक शिल्पच आहे. त्यात बुरूज, तटबंदी आणि पायऱ्यांबरोबर शिवछत्रपतींचे सिंहासनही असते. इतिहास तेथे पाठ केला जात नाही, हाताने रचला जातो. हादग्याच्या दिवसांत हत्तीचे चित्र मध्ये मांडून मुली फेर धरतात, खानदेश-विदर्भात भुलाबाई बसते, आणि विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी बैल सजवून नेतात. रोज पहाटे सडा घालून रांगोळी रेखणारी मुलगी भूमितीची जी समज बाळगते, ती वर्गातल्या फळ्यावर क्वचितच उतरते.

या सर्व कलांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांतली एकही कला केवळ प्रदर्शनासाठी जन्मलेली नाही. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून खांदेमळणी होते, त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते आणि मग पोळा होतो. वर्षभर राबलेल्या मुक्या जिवापुढे माणूस वर्षातून एकदा नतमस्तक होतो, हा त्या सणाचा अर्थ आहे. मातीचा बैल हे त्या कृतज्ञतेचे बालरूप होय. ज्या गावात आज ट्रॅक्टर आहे आणि दावणीला बैल नाही, तेथेही मुले मातीचा बैल करतात, हे पुष्कळ काही सांगून जाते. वस्तू गेली तरी भाव शिल्लक असतो. परंतु तो अनंत काळ आपोआप टिकत नाही. त्या भावाला शब्द आणि रेषा यांचा आधार द्यावा लागतो.

तरुण हातांनी घडवलेले साहित्य

मराठी साहित्यात गाव आले ते बहुतांशी तरुणांच्या हातून, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघ्या बावीस वर्षांचे होते. शालेय शिक्षण पुरे झालेले नव्हते. पण माडगुळ्याच्या परिसरातील माणसे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेली होती, आणि डोळा चित्रकाराचा होता. ते उत्तम रेखाटने करीत. त्यांच्या गद्यातही रेषेची तीच काटकसर दिसते. ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ चा. कवीचे वय पंचवीसच्या आसपास. महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून ते पळसखेडला शेतीकडे परतले होते. गावाकडे परतणे म्हणजे पराभव, असे मानणाऱ्या काळाला त्या संग्रहाने परस्पर उत्तर दिले. आनंद यादव यांचे ‘झोंबी’ हे आत्मचरित्रात्मक लेखन १९८७ साली आले, आणि शिक्षणासाठी एका खेड्यातल्या मुलाला घरच्या दारिद्र्याशी कशी झुंज द्यावी लागते, याचे दर्शन महाराष्ट्राला घडले. १९९० साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे, आणि म्हणूनच अधिक उद्बोधक आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेली ही शेतकरी स्त्री घरात आणि शेतात काम करता करता रचना करीत असे. त्या रचना वाऱ्यावर विरून जाण्याऐवजी मराठी भाषेचे धन झाल्या, कारण घरातल्या तरुण पिढीने त्या वेळोवेळी उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर पुत्र सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ साली बहिणाबाईंची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. क्षणभर विचार करावा : ती वही नसती तर? महाराष्ट्रातील किती घरांत अशा बहिणाबाई होऊन गेल्या असतील, ज्यांच्या शेजारी वही घेऊन बसणारे कोणी नव्हते?

साने गुरुजींनी हे ओळखले होते. स्त्रियांच्या मुखातील ओव्या जमवून त्यांनी ‘स्त्री जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य संकलनासाठी आयुष्य वेचले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पिठाची गिरणी गावात आली आणि जाते कोपऱ्यात गेले. दळणाचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु त्या कष्टांच्या संगतीने आलेली ओवीही मूक झाली. पहाटेच्या अंधारात एका घरातल्या सुनेने दुसऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात माहेर, भाऊ, विठ्ठल आणि पंढरीची वाट आळवावी, हा संवाद थांबला. ज्या आजींना त्या ओव्या येतात, त्यांची पिढी आता पैलतीराकडे निघाली आहे. म्हणून आजच्या विद्यार्थ्यांचे हे काम ‘उपक्रम’ म्हणून नव्हे, तर कर्तव्य म्हणून पाहिले पाहिजे.

एका शब्दात एक समाज

ओवी तर दूरच, साधे शब्दही निघून चालले आहेत. मोट गेली आणि तिच्याबरोबर नाडा, सोंदूर आणि धाव हे शब्द गेले. पाभर आणि तिफण मागे पडली, तसे चाडे कोणाला आठवेना. पेव बुजले, कणगी मोडली. वस्तू बदलणारच, त्याबद्दल शोक करण्यात अर्थ नाही. परंतु काही शब्द केवळ वस्तूंची नावे नसतात. ‘इर्जिक’ हा शब्द घ्यावा. एखाद्या शेतकऱ्याचे रान नांगरायचे राहिले, तर गावातले लोक आपापली औते घेऊन त्याच्या शेतात जमत, एका दिवसात काम उरकत, आणि तो शेतकरी सर्वांना जेवू घाली. मजुरीचा व्यवहार नाही, उपकाराची भाषा नाही. ‘सावड’ म्हणजे आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात, असे हाताला हात देणे. समाज म्हणजे काय, परस्परावलंबन म्हणजे काय, हे सांगण्यासाठी विद्यापीठातील समाजशास्त्राला पाने खर्ची घालावी लागतात. खेड्यातल्या भाषेने ते एकेका शब्दात साठवून ठेवले आहे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले आणि राष्ट्राच्या ‘चिती’चा विचार समाजासमोर ठेवला. राष्ट्राला शरीर असते तशी चिती असते, आणि ती दुर्बळ झाली की राष्ट्राचे सामर्थ्य ओसरते, हा त्या विचाराचा आशय. ही चिती ग्रंथांत जशी असते, तशी ती इर्जिकीसारख्या शब्दांतही असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना ‘ग्रामगीता’ लिहावीशी वाटली, ती याच जाणिवेतून. एकेचाळीस अध्यायांच्या त्या ग्रंथात स्वच्छता, शिक्षण, ग्रामरक्षण आणि ग्रामआरोग्य यांचे चिंतन आहे. गावाला देवत्व देऊन त्यांनी गावाची घाण दृष्टिआड केली नाही, हे विशेष.

चौक, पोथी आणि कागद

आता चित्रकलेकडे वळू. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातील वारली समाजात लग्नप्रसंगी भिंतीवर चौक लिहिला जातो. ‘लिहिला’ हाच तेथला शब्द आहे. कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी सुवासिनी पालघट देवीचा चौक काढतात. चौकाविना लग्न पूर्ण होत नाही. म्हणजे हे चित्र सजावट नसून संस्कार आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी या कलावंताने येथील लोकांच्या हाती कागद दिला आणि त्यातून गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची कला जगासमोर आली. लहानपणी आई गेल्यानंतर दीर्घकाळ अबोल झालेला हा मुलगा मातीत रेघा ओढून आपले मन सांगत असे. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. २०१८ साली ते निवर्तले. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन या तीन आकारांतून तारपा नृत्य, मासेमारी, भाताची मळणी, मुंग्यांची रांग असे सारे विश्व उभे करण्याची ती शैली आज सर्वज्ञात आहे. २०१४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

सर्वज्ञात होण्याची किंमतही असते. आज वारली आकृत्या चहाच्या कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. त्या काढणाऱ्यांपैकी पुष्कळांनी चौक कधी पाहिलेला नसतो. शहरातल्या शाळांत ‘वारली स्पर्धा’ होते आणि मुले तारप्याभोवतीचा फेर मोठ्या हौसेने काढतात. हौस चांगलीच आहे. परंतु त्या शाळेने एकदा तरी डहाणूच्या पाड्यावरचा एखादा तरुण चित्रकार सन्मानाने बोलावून पालघट देवी कोण, फेराच्या मध्यभागी तारपेवाला का असतो, हे मुलांना ऐकवावे. नाहीतर आकार उचलला जातो आणि आशय मागे राहतो. दुसरीकडे, वारली तरुणांनी आपल्या चित्रांत आगगाडी, एस. टी. आणि मोबाईलचा मनोरा आणला, तर त्यावर नाक मुरडण्याचेही कारण नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोरचे जग आहे. परंपरा म्हणजे जुन्या चित्राची नक्कल नव्हे. जुन्या डोळ्याने नवे जग पाहणे म्हणजे परंपरा.

सिंधुदुर्गातील कुडाळजवळचे पिंगुळी गाव याची आणखी एक साक्ष देते. येथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला जपली आहे. रामायण-महाभारतातील आख्यानांची चित्रे क्रमाने लावलेली असतात. अशा एका संचाला ‘पोथी’ म्हणतात. वाद्यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र पुढे करीत कथा गातो. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा समाजापर्यंत रामकथा पोहोचविण्याचे कार्य या चित्रांनी केले. सावंतवाडी संस्थानचा आश्रय गेल्यावर आणि मनोरंजनाची नवी साधने आल्यावर ही कला विझू लागली. परशुराम गंगावणे यांनी ती हट्टाने चालू ठेवली. घरच्या गाईच्या गोठ्याचे त्यांनी संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले, आणि घरातील पुढची पिढी या कामात उतरली. गोठ्याचे संग्रहालय होऊ शकते, तर गावच्या शाळेच्या एका भिंतीचे का होऊ नये?

भारतातील चित्रकलेचा उगमच मुळी भिंतीवरचा आहे. मूळ मराठी घराण्यातील पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटकाची शैलचित्रे प्रकाशात आणली. हरिभाऊ या नावाने कार्यकर्त्यांना परिचित असलेल्या या तपस्व्याने रानोमाळ भटकून हजारो वर्षांपूर्वीच्या अनाम हातांची रेखाटने जगापुढे ठेवली. १९८१ साली संस्कार भारतीची स्थापना झाली, तीही कला ही समाजाची साधना आहे, या श्रद्धेतूनच. त्या अनाम हातांत तरुणांचेही हात असणारच.

सुंदर तेवढेच नको, खरे हवे

येथे एका नाजूक प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. मुलांना गावाविषयी खरे लिहा, असे सांगितले की ते सगळेच गोड निघेल, याची हमी नसते. एखादी मुलगी लिहील की बापाच्या दारूने घराचे वाटोळे झाले. एखादा मुलगा लिहील की कर्जापायी काकांनी जीव दिला. कोणी लिहील की आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. अशा वेळी ‘हे हस्तलिखितात नको, पाहुणे येणार आहेत’ असे म्हणणारे आवाज उठतात.

तो मजकूर वगळणे हा ग्रामसंस्कृतीचा गौरव नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून अलुते-बलुतेदारीसह गावाची रचना तिच्या गुणदोषांसकट मांडली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो ग्रंथ अभ्यासकांना लागतो, कारण त्यात भाबडेपणा नाही. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. त्यांची ‘फकिरा’ ही १९५९ सालची कादंबरी गावाच्या वेशीबाहेर लोटल्या गेलेल्या समाजाचे शौर्य आणि भूक दोन्ही सांगते. ते शौर्य आपले म्हणायचे असेल, तर ती भूकही आपली म्हटली पाहिजे. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेविषयी नि:संदिग्ध भूमिका घेतली होती. समरसता ही व्यासपीठावरून सांगण्याची गोष्ट नाही. शाळेच्या हस्तलिखितात वेशीबाहेरच्या मुलाचा लेख कोणत्या पानावर येतो, तेथे तिची परीक्षा होते. मुलाने सत्य लिहावे आणि मोठ्यांनी ते मान खाली घालून वाचावे, यात संस्कृतीचा अपमान नाही. उलट, आत्मपरीक्षणाचे सामर्थ्य असलेली संस्कृतीच चिरंजीव होते. संतांनी तेच केले.

टाळ्या आणि भाकरी

गौरवाची आणखी एक बाजू आहे, ती पोटाची. साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तीस वर्षांखालील लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. मराठीतील पहिला मान नाशिक जिल्ह्यातील कवी ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या संग्रहाला मिळाला. २०१८ साली तो सांगली जिल्ह्यातील दुष्काळी जत तालुक्याच्या नवनाथ गोरे यांना ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी मिळाला. तेथल्या बोलीत लिहिलेली ही कादंबरी एका गरीब मुलाच्या शिक्षणासाठीच्या धडपडीची आहे. दोन वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, या पुरस्कारप्राप्त लेखकाला मजुरीला जावे लागल्याचे वृत्त महाराष्ट्राने वाचले. त्यानंतर मदतीचे हात पुढे आले, हे खरे. परंतु वृत्त येईपर्यंत समाजाला त्याची आठवण का झाली नाही, हा प्रश्न उरतोच. २०२४ साली हाच पुरस्कार तुळजापूरचे देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला मिळाला. लेखक स्वतः शिवणकाम करणारे, आणि कादंबरीचा विषय तयार कपड्यांच्या लाटेत मोडून पडणारा गावचा शिंपी. गावगाड्यातील एकेक कौशल्य कसे उसवत गेले, याचे हे आतल्या माणसाने केलेले कथन आहे.

सत्काराच्या शाली पुष्कळ झाल्या. गावच्या लेखकाचे पुस्तक किती घरांनी विकत घेतले? लग्नाच्या आहेरात, वाढदिवसाला, शाळेच्या बक्षिसांत ते दिले गेले का? गावच्या चित्रकाराला घराची एक भिंत रंगवायला देऊन त्याचे योग्य मोल मोजले का? संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे प्रश्न स्वतःला विचारावेत.

मध्यमवर्गीय पालकांच्या मनात एक शंका असते. गाव, बोली, ओवी यांत मूल रमले तर ते इंग्रजीच्या आणि तंत्रज्ञानाच्या शर्यतीत मागे पडेल, अशी ती शंका. ती अगदीच निराधार नाही. पोट भरण्याचे शिक्षण हवेच. परंतु ज्याला स्वतःच्या भाषेत नेमके सांगता येत नाही, त्याला दुसऱ्या भाषेत नेमके सांगता येईल, असे मानायला काही आधार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा दिल्लीतून मिळतो. भाषेत नवे लिहिणारी मुले मात्र गावागावांतूनच यावी लागतात.

आता करावयाचे काय

प्रत्येक शाळेने, गटाने, शाखेने करण्यासारखी काही साधी कामे आहेत. पहिले काम शब्दांचे. विद्यार्थ्यांनी गावच्या लुप्त होणाऱ्या शब्दांची वही करावी : शेतीची, स्वयंपाकाची, कारागिरीची, नक्षत्र-पावसाची. शब्द, त्याचा अर्थ, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढी चार घरे पुरेत. शेजारी त्या वस्तूचे चित्र काढावे. जू, शिवळ, रुमणे यांची चित्रे म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारून काढली, तर तेच विज्ञान, तीच भाषा आणि तोच इतिहास.

दुसरे काम ओव्या-गाण्यांचे. ज्या भ्रमणध्वनीवर तासन्‌तास चलचित्रे पाहण्यात जातात, त्याच यंत्रावर आजीचा आवाज मुद्रित होतो. यंत्राला दोष देण्यापेक्षा त्याला कामाला लावावे. ऐकलेले नंतर कागदावर उतरवावे, आणि उतरवताना आजीच्या बोलीतला एकही शब्द ‘शुद्ध’ करू नये.

तिसरे काम शिक्षकांचे. मुलाला प्रमाण मराठी उत्तम यायलाच हवी. परीक्षा, कचेरी आणि वृत्तपत्र तिच्याविना चालत नाहीत. परंतु अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, माणदेशी या तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. संवादात, कथेत, कवितेत बोली आली, तर तांबडी रेघ ओढू नये. त्या रेघेने अनेक लेखक जन्मण्याआधीच गप्प केले आहेत.

चौथे काम गावाचे. मुलांनी लिहिलेले गावाने ऐकावे. हरिपाठ झाल्यावर मंदिरात, चावडीवर किंवा ग्रामसभेनंतर महिन्यातून एकदा वाचन ठेवावे. हस्तलिखिताची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा गावच्या ग्रंथालयात राहावी. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे गावकऱ्यांनी पुस्तकांसाठी आपल्या घरांची दारे उघडली. प्रत्येक गाव भिलार होणार नाही. पण एका घराची एक खोली तरी उघडता येईल. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्यात वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने शेकडो हेक्टर जंगल राखले आणि वनभाज्यांची स्पर्धा भरवून माता-भगिनींच्या पारंपरिक ज्ञानाला मान दिला. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. अशा गावांतील मुलांनी त्या भाज्यांची चित्रे, नावे आणि पाककृती एका वहीत उतरविल्या, तर ती वही कोणत्याही शोधप्रबंधाइतकी मोलाची ठरेल.

पाचवे काम शहरातील कुटुंबांचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना आठ दिवस गावी पाठवावे, आणि पाहुणे म्हणून नव्हे, घरचे म्हणून. तेथल्या मुलांबरोबर त्यांनी एखादे हस्तलिखित पुरे करावे. शहरी मुलाला गाव कळेल आणि गावच्या मुलाला आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे कळेल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खेड्यातला तरुण आज गाव सोडतो तो केवळ रोजगारासाठी नव्हे. जे शहरात नाही ते सारे मागासलेले, हे त्याच्या मनावर बिंबले आहे. पोट भरण्यासाठी तो खुशाल जावो. परंतु जाताना मनात न्यूनगंड घेऊन न जाता गावची वही घेऊन जावा.

मित्रहो, या दालनातील काही वह्यांची अक्षरे वाकडी आहेत, काही चित्रांतला बैल गाढवासारखा दिसतो, आणि काही कवितांचे यमक ओढूनताणून जुळवले आहे. त्याने काही बिघडत नाही. परीक्षक म्हणून नव्हे, वाचक म्हणून प्रत्येक वहीपाशी थांबावे. शक्य झाल्यास लिहिणाऱ्या मुलाला त्या वहीतील एका वाक्याविषयी एक प्रश्न विचारावा. कोणीतरी आपले वाचले, एवढे कळले की ते मूल दुसरी वही लिहायला घेईल. ग्रामसंस्कृतीची पुढची पाने त्या दुसऱ्या वहीत आहेत.